शेंडे खुडलेला पुदिना

३ ऑगस्ट

प्रिय बारके,

तुला आशीर्वाद, मेहुण्यांना नमस्कार. इकडे सगळं ठीक. तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद काढला. कॉलेज सुटल्यापासून मी कोणाला घरगुती पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा हे अहवालासारखं वाटलं तर चालवून घे. नाही चालवलंस तर बोलून दाखवशीलच.

तू जाताना लावलेला पडदा पुन्हा खाली आला. खिळ्याचा दोष नाही, भिंतच भुसभुशीत आहे. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी मांजर आणलंय आणि ते त्यांच्याकडे खातं, माझ्या दारात झोपतं. हाकललं की उठतं, एक पायरी वर जातं आणि तिथे झोपतं. वाद घालायचं त्राण नाही म्हणून पायरी त्याला देऊन टाकली आहे.

आता मुद्द्याचं. तुमच्या पहिल्या कापणीचं पुदिन्याचं तेल मी सोसायटीच्या प्रयोगशाळेत नापास केलं, हे तुला मेहुण्यांकडून कळलं. ते मी सांगायला हवं होतं. पण तुला सांगायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं, आणि मी कामावर नुकतीच परत आले होते.

पुदिना तोच आणि तेल वेगळं, हे तुला शिकवायला नको. तुझी रोपं आणि कुंपणापलीकडच्या निवृत्त मास्तरांची रोपं सोसायटीच्या एकाच वाफ्यातून गेली. माती तीच, पाणी एकाच कालव्याचं. तरी त्यांचं तेल पास झालं. मेहुणे म्हणतात, ढग होते, रात्री उकाडा होता. होता. ढगाळ दिवस आणि उकाड्याच्या रात्री तेल बिघडवतात, मी नाही म्हणत नाही. पण ढग काय तुमच्या एकट्याच्या शेतावर छत्री धरून उभे होते?

मग भट्टीवर गेले. तिथे वाफ सांभाळणाऱ्या माणसाला सगळे वाफोबा म्हणतात, त्याचं खरं नाव आता त्यालाही आठवत नसावं. त्याला विचारलं, आच कमीजास्त झाली होती का, माल लवकर उतरवला का. तो म्हणाला, "ताई, तुमच्या बहिणीच्या मालाला दिली तीच वाफ अध्यक्षांच्या मालाला दिली. माझ्या वाफेला नातीगोती नाहीत." म्हणजे भट्टी नाही. कापलेला माल सावलीत सुकवलेला होता, ढीग घालून तापवलेला नव्हता, ते मी स्वतः बघितलं. उरली कापणीची वेळ.

कोवळ्या पानात मेंथोन जास्त असतं. पान पिकत जातं तसं त्याचं मेंथॉल होतं, आणि त्या मेंथॉलसाठी गोळ्यावाले आणि टूथपेस्टवाले आपल्या दाराशी येतात. पण झाड फुलावर आलं आणि तसंच उभं ठेवलं की फुलांतून मेंथोफ्युरान वाढायला लागतं. त्याने तेल पिवळं पडतं आणि जिभेला रखरखीत लागतं. तुझ्या नमुन्यात ते इतकं निघालं की आलेखावरचं टोक बघून मी आधी यंत्र साफ केलं. पुन्हा नमुना लावला. पुन्हा तेच.

व्यवस्थापक माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, एवढ्या मोठ्या टाकीत एक पिंप ओतलं तर कोणाला कळतंय?" मी म्हटलं, "मला." ते गेले. माणूस वाईट नाही. मला मदत करायला आला होता, हे मला जिना उतरताना उमगलं.

अहवालात कारणाचा एक रकाना असतो. तो मोकळा ठेवता येत नाही. मी भरला.

सोसायटीचा नियम तुला पाठ आहे. एका वर्षात दोन्ही कापण्या नापास झाल्या तर शेत पहिल्या प्रतीच्या यादीतून जातं आणि रोपं परत घेतली जातात. तेव्हा दुसरी कापणी चुकता कामा नये. दिवस आता लहान होत चालले, या पिकाला फुलं धड येणार नाहीत, म्हणजे डोळ्याला खूण मिळणार नाही. पान चुरगाळून नाकानेच ठरवावं लागेल. लवकर कापलं तरी नापास, उशिरा कापलं तरी नापास. आणि तुमच्या घरात नाक एकच आहे. मेहुण्यांच्या नाकाबद्दल मी काही बोलत नाही, तो त्यांच्या चेहऱ्याचा प्रश्न आहे.

माझ्या दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. तुझं पीक त्याच दिवसांत तयार होईल. मेहुणे म्हणत होते, बोलत नसली तरी ही येईल. येऊ नकोस. मी नर्स ठरवली आहे, अनुभवी आहे, बोलते कमी. रोजचं जे काम असतं ते मी आता स्वतः करते, हात बसला आहे. तू शेत सोडू नकोस.

प्रकृतीला जप. गुडघ्याला पट्टा बांध, कपाटात ठेवायला आणलेला नाही तो.

तुझी,
ताई


१७ ऑगस्ट

प्रिय बारके,

तुला आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. एवढंसं लिहून पाठवलंस: "ताई, अहवाल बरोबर आहे. कारणात निष्काळजीपणा हा शब्द तूच लिहिलास का, एवढं कळव."

हो. मीच लिहिला. "उत्पादकाचा निष्काळजीपणा." अक्षरही माझं आहे, टंकलेखकाच्या माथी मारता येणार नाही.

कार्ड आलं त्या दिवशी मी उत्तर लिहायला बसले आणि आलेखाची भाषा लिहून काढली. फाडलं. दुसऱ्या दिवशी जास्त चांगल्या शब्दांत तेच लिहिलं. तेही फाडलं. मग काही दिवस काहीच लिहिलं नाही आणि स्वतःला कामाचं कारण सांगितलं. दमायला होतं हे खरं आहे. संध्याकाळी खुर्चीत बसले की चपला काढायचंही जिवावर येतं. पण कारण ते नव्हतं.

मेहुण्यांचा फोन आला होता, आठवतं? मी वॉर्डात, तू खिडकीशी उभी. ते शेतातून विचारत होते, कापू का. तू म्हणालीस, "पान चुरगाळा आणि कसा वास येतो सांगा." आणि ते म्हणाले, "पुदिन्यासारखा." पुदिन्याच्या शेतात उभं राहून. तू फोन कानापासून लांब धरलास आणि आपण दोघी इतक्या हसलो की माझे टाके दुखले आणि नर्स ओरडली. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

मग दोन दिवसांनी ते स्वतः जुडी घेऊन आले. उन्हातून, बसने, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. पानं मऊ पडली होती. तू एक पान चुरगाळलंस, नाकाशी धरलंस आणि म्हणालीस, "अजून आठवडा आहे." जुडी माझ्या उशाशी पाण्याच्या पेल्यात ठेवलीस आणि त्यांना परत पाठवलंस.

मी पडल्या पडल्या त्या जुडीकडे बघत होते. दुसरं करायला काय होतं. प्रत्येक काडीचा शेंडा खुडलेला होता. एकूण एक. मेहुण्यांनी आजारी माणसाकडे न्यायची म्हणून जुडी नीटनेटकी केली होती. फुलोरा तपकिरी पडायला लागला असणार, तो त्यांना घाण दिसला असणार, म्हणून तो काढून टाकून हिरवं तेवढं आणलं. त्यांच्यासारखा सरळ माणूस असंच करणार. म्हणजे शेत फुलून बसलं होतं. आठवडा नव्हता, एक दिवसही नव्हता.

हे मला त्याच क्षणी समजलं. जन्मभर हेच बघत आले आहे, न समजून सांगते कोणाला. मी एवढंच म्हणायचं होतं, "बारके, शेंडे बघ." तू लगेच निघाली असतीस.

मी म्हटलं नाही.

मागच्या पत्रात मी "रोजचं काम" असं लिहिलं. त्याचं नाव लिहायला मला दोन आठवडे लागले. पोटावरची पिशवी. आतड्याचं तोंड पोटावर काढून दिलंय, दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत, आणि सगळं त्या पिशवीत येतं. पहिले दिवस मी तिच्याकडे बघूसुद्धा शकत नव्हते. नर्स शिकवायला आली की मी तोंड भिंतीकडे करून घ्यायची. ती पिशवी तू रिकामी करायचीस. उमललेलं फूल शेताच्या बांधावरून ओळखणारं तुझं नाक, आणि तू त्या पिशवीवर वाकून मला मांजरांच्या आणि मास्तरांच्या गोष्टी सांगायचीस, तोंड एकदाही वाकडं केलं नाहीस. कापसावर आपल्याच तेलाचा थेंब टाकून त्यात सोडायचीस आणि म्हणायचीस, "घे, पहिल्या प्रतीचा माल." मी हसायची नाही. तुझा राग यायचा, इतकं सहज कसं करते म्हणून.

तर तू "अजून आठवडा आहे" म्हणालीस, आणि मला त्यातला आठवडा तेवढा ऐकू आला. आणखी आठवडाभर ते दुसऱ्या कोणाला करायला लागणार नव्हतं. मी डोळे मिटून झोपल्याचं दाखवलं.

नंतर यंत्रावर तुझा नमुना आला. टोक वर गेलेलं बघितलं आणि ते माझ्यामुळेच आहे हे मला माहीत होतं. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? खरं लिहायचं तर पिशवीबद्दल लिहावं लागलं असतं. सोसायटीत कोणाला माहीत नाही. पोटाचं ऑपरेशन झालं, एवढंच माहीत आहे. मी नेहमीचा शब्द लिहिला. उशिरा कापणाऱ्या प्रत्येकाला मी आजवर तोच लिहीत आले. लिहायला वेळ लागला नाही.

तेल नापास करायचंच होतं, ते मी आजही करीन. शब्दाचं वेगळं आहे.

तुला काय वाटायचं ते वाटू दे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फक्त दुसऱ्या कापणीला शेतात राहा.

ताई


४ सप्टेंबर

प्रिय बारके,

तुला आणि मेहुण्यांना आशीर्वाद. तुझं उत्तर मेहुणे तोंडी घेऊन आले. पत्र लिहायचा तुला पहिल्यापासून कंटाळा, शाळेतले निबंधही मीच लिहून द्यायची.

ते प्रयोगशाळेच्या दारात टोपी हातात धरून उभे राहिले. मी म्हटलं, "आत या, बसा." ते म्हणाले, "बसतो, पण आधी निरोप सांगतो, नाहीतर विसरेन. ही म्हणाली, ताईला सांगा, फुलाचा वास तुमच्या बोटांना येत होता."

मला कळेना. ते स्टुलावर बसले, आपल्या बोटांकडे बघितलं, आणि सगळं सांगितलं. शेंडे नखांनी खुडले, पिशवीत जुडी बांधली, बसने आले, आणि तुझ्या हातात जुडी देताना तुला त्यांच्या बोटांवर उमललेल्या फुलाचा वास आला. पान तू नंतर चुरगाळलंस. आठवडा उरलेला नाही हे माहीत असूनच तू "आठवडा आहे" म्हणालीस.

"मलाही परवाच कळलं, ताई," मेहुणे म्हणाले. "मी दोन महिने ढगांना शिव्या देत फिरतोय."

मी विचारलं, "रागावला नाहीत तिच्यावर?"

"रागावलो ना. जेवलो नाही एक वेळ. मग ही म्हणाली, ताई भिंतीकडे तोंड करून झोपायची, तिला सोडून कशी येऊ. यावर काय बोलणार?" मग म्हणाले, "पण मला सांगायला काय झालं होतं? मी कापलं असतं."

"तिने वेळ सांगितल्याशिवाय तुम्ही कधी कापलंय का?"

"नाही," ते म्हणाले. "चुकलं तर ही वर्षभर ऐकवते."

म्हणजे पेल्यातल्या त्या जुडीभोवती आपण तिघं होतो. दोघींना माहीत होतं, दोघी एकमेकींपासून लपवत होतो, आणि बिचारा माणूस उन्हातून आला तसा परत गेला. हे वाचून हसू नकोस. मी ते गेल्यावर हसले, मग दार लावून बराच वेळ बसून राहिले.

माहीत असून तू शेत उभं ठेवलंस, आणि मी त्याला निष्काळजीपणा म्हटलं. तू भांडायला आली नाहीस, खरं काय ते कोणाला सांगितलं नाहीस, कारण सांगायचं तर माझी पिशवी सांगावी लागली असती. दोन महिने तू माझी अब्रू सांभाळत गावात निष्काळजी म्हणवून घेतलंस. आता तुझ्या फोन न उचलण्याचा अर्थ लागला. उचलला असतास तर तुझ्या तोंडून निघून गेलं असतं.

सोमवारी सोसायटीच्या समितीची बैठक होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, अमुक शेताच्या पहिल्या कापणीच्या अहवालात कारण चुकीचं लिहिलं गेलं आहे, ते बदलायचं आहे. अध्यक्ष म्हणाले, "तेल पास करायचं म्हणता का ताई?" मी म्हटलं, "तेल नापासच आहे. कारण बदलायचं आहे. उत्पादक माझ्या शुश्रूषेसाठी हॉस्पिटलात होती." आणि मग थांबायचं सोडून सगळं सांगितलं. पिशवी, ती कुठे असते, ती कोण धूत होतं. आवाज माझा नेहमीसारखाच होता, वाचून दाखवल्यासारखा. अध्यक्ष टेबलाची कड बघत राहिले. व्यवस्थापकांनी माझ्याकडे खुर्ची सरकवली, मी उभीच राहिले. मग कोणीतरी "लिहून घ्या" म्हणालं आणि पुढचा विषय कालव्याच्या गाळाचा आला. गाळावर मात्र तासभर भांडले.

तर तो शब्द गेला. तुझ्या शेताच्या नावापुढे आता "घरातील आजारपण" असं आहे. सूचनाफलकावर नवी प्रत लागली आहे, मास्तरांनी चष्मा लावून वाचली.

बाहेर वाफोबा उभा होता. म्हणाला, "तरीच. कामावर आल्यापासून तुम्ही सगळ्यांपासून चार हात लांब उभ्या राहायचात. आम्हाला वाटलं चिडलात." मी म्हटलं, "मग विचारायचं." तो म्हणाला, "तुमचं चिडणं काही नवीन नाही, ताई. कोण विचारणार?" मी त्या पिशवीच्या वासाच्या भीतीने कोणाजवळ उभी राहत नव्हते. आणि त्यांच्यातल्या एकाच्याही ध्यानात काही आलं नव्हतं.

आता तुझ्या कापणीचं. काल सकाळी दव उडाल्यावर मी तुझ्या शेतात गेले होते. तू गिरणीवर गेली होतीस, मेहुण्यांना विचारूनच आत पाय ठेवला. खालची, मधली, वरची पानं वेगवेगळी घेतली आणि छोट्या भट्टीत लावून बघितली. मेंथोन अजून बरंच आहे. घाई करू नकोस. ऊन असंच राहिलं तर पुढच्या आठवड्याच्या शेवटी होईल, ढग आले तर थोडं मागे जाईल. यंत्राचं हे एवढंच. नेमका दिवस तू ठरवायचा आहेस, तो यंत्राला सांगता येत नाही.

म्हणून सर्जनकडे गेले आणि ऑपरेशनची तारीख पुढे नेली. सप्टेंबरअखेर. ते म्हणाले, "लोक माझ्याकडे लवकरची तारीख मागायला येतात. तुम्हाला ती पिशवी आणखी ठेवायची आहे?" मी म्हटलं, हो, बहिणीची कापणी आहे. उशिराने काही बिघडणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे, तेव्हा तू यावर भाषण देऊ नकोस. आणि नर्सला नको म्हणून कळवलं आहे.

नर्स चांगली होती. तू गेल्यावर तिच्याकडूनच मी पिशवी बदलायला शिकले, आता मला ते भिंतीकडे न बघता येतं. घर, बाजार, हॉस्पिटल, सगळं माझं मला जमतं. आजवर जमत आलं, आणि ते मी सगळ्यांना ऐकवतही आले. पण ऑपरेशनच्या दिवशी मला स्ट्रेचरवर घालून दाराच्या आत नेतील तेव्हा दाराबाहेर तू असावीस असं मला वाटतं. हे मी याआधी कोणाला म्हटलेलं नाही. तू न मागता येत राहिलीस, त्यामुळे मागायची वेळ आली नाही.

तुझा दुसरा नमुना माझ्याकडेच येईल. मी तो इतरांसारखाच तपासणार आहे. बिघडला असेल तर नापास लिहीन, आणि मग तुझी रोपं जातील, आणि तू मला कधी माफ करणार नाहीस हेही होऊ शकतं.

तेव्हा नीट वास घेऊन काप. आणि पास झालं तरी, नापास झालं तरी, ये.

तुझी वाट बघणारी,
ताई